गळती कुणाच्या नावावर?

लिनक्सवरचा संगणक दोन-तीन दिवसांत जड झाला की निकाल तयारच असतो: ‘ग्राफिक्स ड्रायव्हर मेमरी लीक करतोय.’ पीएचडीच्या तयारीत असलेल्या मुलांकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की म्हटलं आता त्याची समीक्षाच लिहू. समीक्षा पुस्तकाची किंवा सिनेमाचीच करावी असं कुठे आहे? या एका वाक्यात चार दावे आहेत. मेमरी वाढतेय, हा पहिला. वाढलेली परत येत नाहीये, हा दुसरा. ती ग्राफिक्सचीच आहे, हा तिसरा. आणि ती अडकवून ठेवणारा ड्रायव्हर आहे, हा चौथा. पहिल्यासाठी थोडाफार पुरावा असतो. बाकीचे तीन फुकट प्रवास करतात.

पालघर-बोईसरकडच्या मुलांकडून ही तक्रार मला जास्त येते आणि त्याचं एक कारण मला डहाणू लोकलमध्ये दिसतं. 2013 पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते. बोईसरहून मुंबईच्या विद्यापीठात किंवा संस्थेत जाणारा मुलगा सकाळी लॅपटॉपचं झाकण मिटतो, गाडीत जागा मिळाली तर उघडतो, लॅबमध्ये उघडतो, रात्री घरी उघडतो. बंद कधी करतच नाही. झाकण मिटणं म्हणजे झोपवणं, आणि झोपेतून उठलेल्या संगणकाची मेमरी होती तशीच राहते. म्हणजे डेस्कटॉपचं एकच सत्र तीन-तीन आठवडे चालू. लॅबमधला जो पीसी संध्याकाळी सहाला शिपाईकाका बंद करतात, त्यावर तासाला पंधरा-वीस एमबी गळली तरी कुणाच्या बापाला कळणार नाही. तीच गळती तीन आठवड्यांच्या सत्रात आठ जीबीचा लॅपटॉप बसवते. बोईसरला वीज गेली आणि बॅटरी संपली तर पाटी पुन्हा कोरी, मग पुढचे काही दिवस ‘आपोआप बरं झालं’. तक्रारीचा हा इतिहास विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. ‘शेवटचं रीस्टार्ट कधी?’ या प्रश्नाचं उत्तर अपटाइम ही कमांड एका ओळीत देते. माणसाच्या आठवणीपेक्षा तिच्यावर विश्वास ठेवा.

आता कुणी म्हणेल, एवढं कशाला, रीस्टार्ट करा आणि कामाला लागा. ज्याचं काम दोन तासांचं आहे त्याने खुशाल करावं. पण ज्याचं सिम्युलेशन रात्रभर चालतं, त्याचं काय होतं बघा. मेमरी संपली की लिनक्सचं कर्नेल कुणाला तरी मारून जागा करतं. या यंत्रणेला ओओएम किलर म्हणतात. कुणाला मारायचं हे ती गुण लावून ठरवते, आणि ते गुण मुख्यतः प्रोसेसच्या स्वतःच्या खात्यावर किती मेमरी दिसते यावरून लागतात. तुमचं सिम्युलेशन प्रामाणिकपणे तीन जीबी आपल्या नावावर दाखवत असतं. ग्राफिक्सचे बफर पुष्कळदा कुणाच्याच खात्यावर नीट दिसत नाहीत. त्यामुळे मरतं सिम्युलेशन. सकाळी लॉगमध्ये त्याचंच नाव असतं, आणि विद्यार्थी गाईडला सांगतो, ‘माझ्या कोडमध्ये मेमरी जास्त लागतेय, रॅम वाढवायला हवी.’ घरच्यांनी हप्त्यावर घेऊन दिलेल्या लॅपटॉपमध्ये मग आणखी चार-पाच हजार जातात. रॅम दुप्पट होते आणि तीन आठवड्यांऐवजी सहा आठवड्यांनी तेच होतं.

पहिल्या दाव्यापासून सुरुवात करू, कारण तोही वाटतो तेवढा सरळ नाही. ‘फ्री’ कमांडमध्ये फ्री या स्तंभाखालचा आकडा कमी होत जाणं ही बातमीच नाही. रिकाम्या मेमरीत कर्नेल डिस्कवरच्या फायली साठवून ठेवतं आणि गरज पडली की टाकून देतं. बघायचा आकडा आहे ‘अव्हेलेबल’ या स्तंभाचा. कर्नेल तो अंदाज स्वतः काढून देऊ लागलं ते 2014 पासून. त्याआधीच्या काळात लिहिलेला सल्ला आजही जसाच्या तसा फिरतो, त्यामुळे ‘मेमरी संपली’ म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांची मेमरी संपलेलीच नसते.

इथे आपल्या मराठी मुलांच्या हाती काय शिक्षणसाहित्य आहे, तेही तपासायला हवं. आयआयटी मुंबईच्या प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प तुम्हाला माहीत असेल. साधारण दहा-दहा मिनिटांचे स्क्रीनचे व्हिडिओ, ऐकत ऐकत शेजारी स्वतः करून बघायचं, आणि निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत. लिनक्सच्या मालिकेत प्रोसेसवरही पाठ आहे, ‘पीएस’ ही कमांड त्यात येते. खेड्यातल्या कॉलेजात शिक्षक नसताना एखाद्या मुलीने मराठीतून ऐकत टर्मिनल उघडणं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते, आणि जे लोक या व्हिडिओंना बाळबोध म्हणून हसतात त्यांनी मराठीत दुसरं काय केलंय ते दाखवावं. पण माझी तक्रार या साच्याबद्दल आहे. दहा मिनिटांत कमांड टाइप करून आकडा मिळवायला शिकवता येतं. आकडा कसला आहे, त्यात काय मोजलंय आणि काय राहून गेलंय, हे त्या साच्यात बसत नाही. पाठ बघणारा मनात धरतो की सगळ्या प्रोसेसच्या मेमरीची बेरीज केली की एकूण वापर निघतो. तसं नसतं.

ही बेरीज दोन्ही बाजूंनी चुकते. ‘टॉप’मध्ये आरईएस नावाखाली जो आकडा दिसतो, त्यात एकच लायब्ररी वापरणाऱ्या दहा प्रोसेसनी तीच मेमरी दहा वेळा मोजलेली असते, म्हणून बेरीज फुगते. वाटून घेतलेला हिशेब हवा असेल तर ‘स्मेम’ची पीएसएस ही मोजणी घ्यावी. उलट बाजूला, ग्राफिक्सचे बफर कर्नेलकडून ड्रायव्हरमार्फत मागितलेले असतात आणि प्रोसेसने ते स्वतःच्या पत्त्यांत जोडून घेतले नसतील तर आरईएसमध्ये येतच नाहीत. साध्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप वेगळी मेमरी बाळगत नाही, तुमच्याच रॅममधून घेते. त्यातला काही भाग ‘शेअर्ड’मध्ये दिसतो, काही ड्रायव्हरच्या बाबतीत कुठेच दिसत नाही. मग चित्र असं होतं: एकूण वापर सहा जीबी, सगळ्या प्रोसेसची बेरीज साडेतीन. मधले अडीच कुठे गेले? या फरकाला माझ्या मते मोल आहे. तो दिवसागणिक वाढत असेल तर ग्राफिक्सचा संशय घ्यायला पहिल्यांदा जागा मिळाली. संशय म्हणतोय, निकाल नाही. कर्नेलच्या स्वतःच्या वस्तूही तिथेच असतात, त्या ‘स्लॅबटॉप’मध्ये बघून आधी वजा करायच्या.

अलीकडच्या कर्नेलमध्ये याहून चांगली सोय आहे. प्रॉक फोल्डरात प्रत्येक प्रोसेसच्या उघड्या फायलींची माहिती असते, तिला एफडीइन्फो म्हणतात. ग्राफिक्स उपकरण उघडलेल्या प्रोसेसच्या त्या माहितीत ‘डीआरएम’ने सुरू होणाऱ्या ओळी येतात: ड्रायव्हर कुठला, एकूण बफर किती, त्यातले प्रत्यक्ष मेमरीत किती. वेगवेगळ्या कंपन्यांच्या ड्रायव्हरांनी एकाच नावाने आकडे द्यावेत म्हणून कर्नेलच्या दस्तावेजात त्याचा नमुना ठरवून दिलाय. तो दस्तावेज जरूर वाचा, पण एका गोष्टीकडे लक्ष ठेवून. एकच बफर दोन प्रोसेसकडे असेल तर दोघांच्याही खात्यावर दिसू शकतो, आणि डेस्कटॉपवर तर हे सतत होतं. ब्राउझर चित्र काढतो, तेच चित्र पडद्यावर मांडणारा प्रोग्राम म्हणजे कंपोझिटर हातात घेतो. म्हणजे इथेही डोळे झाकून बेरीज नको.

आता दुसऱ्या दाव्याकडे येऊ. ‘परत येत नाही’ म्हणजे नेमकं काय, यावर सगळा खेळ आहे. इंटेलच्या मंडळींनी 2008 मध्ये ग्राफिक्स मेमरीसाठी जेम नावाची व्यवस्था लिनक्समध्ये आणली, तिची मूळ कल्पना मोजक्या शब्दांत सांगता येते. एमआयडीसीच्या मागे चाळीत चार कामगारांनी मिळून एक खोली घेतली असं समजा. चौघांकडे चार किल्ल्या. एक गावी गेला, किल्ली परत दिली, तरी खोली चालूच राहते. चौथी किल्ली परत आली की मालक खोली दुसऱ्याला देतो. बफर म्हणजे खोली आणि हँडल म्हणजे किल्ली. आता खोली अडकून राहण्याचे दोन प्रकार बघा. एक, किल्ली हरवली: कुणाकडेच नाही, पण मालकाच्या वहीत एक बाकी. दोन, किल्ली एकाच्या खिशात आहे, तो गावी आहे, परत येणार नाही, पण किल्ली द्यायची आहे हे त्याच्या डोक्यातच नाही. भाडं दोन्हीकडे सारखंच वाया जातं. शोधायची रीत मात्र एकदम वेगळी.

हत्यारांची मर्यादा इथेच आहे आणि ती सांगितल्याशिवाय हत्याराची शिफारस करणारे लेख मला अपुरे वाटतात. कर्नेलमध्ये 2009 पासून केमेमलीक आहे. तो मेमरी चाळून बघतो की या तुकड्याकडे बोट दाखवणारं कुणी उरलंय का. नसेल तर तुकडा बेवारस ठरवतो. म्हणजे हरवलेली किल्ली तो शोधतो, खिशातली नाही. शिवाय थेट पानांच्या हिशेबात घेतलेली मेमरी तो मुळात पाहत नाही, आणि मोठे ग्राफिक्स बफर बहुधा तशाच मेमरीत असतात. व्हॅलग्रिंड प्रोग्रामच्या बाजूने हेच काम करतो. ‘नक्की हरवलेली’ आणि ‘अजून पोचता येण्याजोगी’ असे वेगळे रकानेही दाखवतो. विद्यार्थी पहिला रकाना शून्य आहे बघून गळती नाही असं लिहून टाकतात, आणि खरी भानगड दुसऱ्या रकान्यात असते. ड्रायव्हरकडून मागितलेला बफर तर व्हॅलग्रिंडच्या वहीतच नसतो.

यावरचं मला सगळ्यात शिकवून गेलेलं लेखन 2018 मधलं आहे. ग्नोम हा बहुतेकांच्या उबुंटूवर दिसणारा डेस्कटॉप. उबुंटूने 2017 च्या ऑक्टोबरात आपला युनिटी सोडून ग्नोम घेतला, आणि लोकांना दिसू लागलं की ग्नोम शेल तासागणिक फुगतो. ॲक्टिव्हिटीजचा पडदा उघडा-मिटा, मेमरी चढते, उतरायचं नाव नाही. कुणी ड्रायव्हरला शिव्या दिल्या, कुणी एक्स्टेन्शनना. ब्राझीलचा प्रोग्रामर जॉर्जेस स्ताव्राकास याने शोध घेतला आणि ‘द इनफेमस ग्नोम शेल मेमरी लीक’ या मथळ्याने तो समजावून लिहिला.

त्याने दाखवलं ते असं. ग्नोम शेलचा पडद्यावरचा बराच भाग जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे, आणि त्याखालच्या प्रत्यक्ष वस्तू सी भाषेतल्या. वर जावास्क्रिप्टचा गार्बेज कलेक्टर, खाली किल्ल्या मोजणारी व्यवस्था, आणि दोघांना जोडणारा जीजेएस नावाचा सांधा. पडद्यावरच्या वस्तू एकात एक असतात: खिडकीत डबा, डब्यात रांग, रांगेत चिन्हं. घंटागाडीचं उदाहरण घ्या. तीन मजली इमारत आहे आणि नियम असा की वरचा मजला साफ झाल्याशिवाय खालच्याने कचरा बाहेर ठेवायचा नाही. घंटागाडी आली, तिसरा मजला नेला, गेली. आता दुसऱ्याने पिशवी बाहेर ठेवली, पण गाडी पुढच्या वेळी येणार. गार्बेज कलेक्टर एका फेरीत झाडाचा एकच थर उचलत होता, कारण आई-वस्तू खरोखर नष्ट झाल्यावरच मुलाची किल्ली सुटायची. आणि गाडी लवकर येतही नव्हती, कारण जावास्क्रिप्टला आपल्याकडची पातळ वेष्टनं तेवढी दिसतात, त्यांच्यामागे सीच्या बाजूला केवढी मेमरी अडकली आहे ते दिसत नाही. या प्रकाराला नाव मिळालं ‘टार्डी स्वीप’, म्हणजे उशिरा मारलेला झाडू.

उपाय काय केला? वस्तू सुटली की लगेच गार्बेज कलेक्शनची फेरी रांगेत लावायची. गाडीला पुन्हा पुन्हा बोलवायचं.

या लेखनाचं कौतुक मला कशासाठी वाटतं, ते स्पष्ट सांगतो. सगळे ‘किती’ विचारत होते, त्याने ‘कोण धरून आहे आणि का सोडत नाही’ विचारलं. त्यामुळे दुसरा दावा उडाला. रूढ अर्थाने ही गळती नव्हतीच, एकही किल्ली हरवली नव्हती. कचरा उचलला जाणार होता, फक्त इतक्या उशिरा की वापरणाऱ्याला फरक पडत नव्हता. चौथा दावाही उडाला, ड्रायव्हरचा यात हात नव्हता. आणि हे सगळं त्याने आकृतीच्या आधारे असं मांडलं की ज्याने जीजेएस आयुष्यात पाहिलं नाही त्यालाही पाऊल-पाऊल तपासता येतं. रिसर्च प्रपोजल लिहिणाऱ्यांनी ती रचना बघावी: तक्रार, यंत्रणा, कारण, उपाय, या क्रमात कुठेही उडी नाही.

पण दोन जागी मी अडतो. एक, आत गळती नाही म्हणून सांगणाऱ्या लेखाच्या मथळ्यावर लीकच आहे. लोकांना सापडावा म्हणून तसं ठेवलं असणार, मान्य. पण मथळा पुढे गेला आणि आतलं म्हणणं मागे राहिलं. आजही मुलं मला सांगतात, ‘ग्नोममध्ये तो लीक होता ना, तो फिक्स झाला.’ थर-थर उचलण्याबद्दल एकही बोलत नाही. दोन, उपायाने मूळ रचना बदललेली नाही. एका फेरीला एक थर हे तसंच, फक्त फेऱ्या वाढल्या. प्रत्येक फेरीला प्रोसेसरचा वेळ जातो, म्हणजे मेमरीचं बिल दुसऱ्या खात्यावर वळवलं. मोठा हातोडा म्हणून तो योग्यच होता, लाखो लोकांची सोय झाली. संशोधन वाचणाऱ्याने मात्र ‘लक्षण गेलं’ आणि ‘कारण गेलं’ या दोन नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. परीक्षकही व्हायव्हात नेमकं इथेच बोट ठेवतात.

मग खरोखर ड्रायव्हरच दोषी आहे, हे कधी म्हणता येईल? त्यासाठी दोन कसोट्या मला पुरेशा निर्णायक वाटतात, आणि दोन्ही घरच्या लॅपटॉपवर करता येतात.

पहिली: संशयित प्रोसेस मारा आणि मोजा. प्रोसेस संपते तेव्हा कर्नेल तिच्या सगळ्या उघड्या फायली बंद करतं, ग्राफिक्स उपकरणाचीही, आणि त्यासोबत तिच्या सगळ्या किल्ल्या जमा होतात. मेमरी परत आली तर अडकवणारा वापरकर्त्याच्या बाजूला होता: तो प्रोग्राम, किंवा त्याच्या पोटात चालणारा ड्रायव्हरचा भाग, म्हणजे मेसासारखी लायब्ररी. ड्रायव्हर एक वस्तू नाही हे इथे लक्षात घ्या. अर्धा कर्नेलमध्ये राहतो, अर्धा तुमच्या प्रोग्राममध्ये. प्रोसेस गेली, तिच्याशी बफर वाटून घेणारी दुसरीही गेली, आणि तरी मेमरी आली नाही, तर मग कर्नेलमधल्या अर्ध्याकडे बोट दाखवायला हरकत नाही. वाटून घेणाऱ्याची अट विसरू नका. जुन्या एक्स सर्व्हरवर हा घोळ रोजचा: चित्रं साठवायला सांगतो एखादा भलताच प्रोग्राम, ठेवून घेतो एक्स, आणि टॉपमध्ये फुगलेला दिसतो एक्स. कुठल्या प्रोग्रामने एक्सकडे किती ठेवलंय ते ‘एक्सरेसटॉप’ दाखवतो. एक्सला मारून मेमरी परत आली म्हणून एक्स दोषी, असं म्हणणारा मालाबद्दल गोदामवाल्याला पकडतोय.

दुसरी: हार्डवेअर ड्रायव्हर बाजूला काढून तेच काम करा. मेसाला एका पर्यावरण-चलाने सांगता येतं की चित्रं ग्राफिक्स चिपवर न काढता प्रोसेसरवरच काढ. संगणक कासवासारखा चालेल, चालू द्या. तेवढ्याच क्रियांना तेवढीच मेमरी चढली तर हार्डवेअरच्या ड्रायव्हरवरचा आरोप मागे घ्यावा लागेल. चढली नाही तर आरोप बळकट झाला, इतकंच.

क्रिया हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. बहुतेक तक्रारी वेळेत मोजलेल्या असतात, ‘चार दिवसांत चार जीबी’. वेळ हे कारण क्वचितच असतं. रात्रभर संगणक चालू ठेवा पण हात लावू नका, सकाळी आकडा बघा. मग एकच क्रिया, खिडकी उघडणं-मिटणं म्हणा, छोट्या स्क्रिप्टने पाचशे वेळा करा. पहिल्या पन्नास फेऱ्या सोडून द्या, त्यात साठवण भरत असते. कॅश असेल तर वाढ पुढे मंदावते आणि सपाट होते. गळती असेल तर पाचशेला जेवढी, हजारला त्याच्या दुप्पट. आलेख काढायला कुठलं भारी सॉफ्टवेअर नको, वहीवर चाळीस बिंदू पुरतात.

वेगाने पुनरुत्पादन करता येणं याचा आणखी एक फायदा, जो मला फार उशिरा लिहिलेल्या लेखांमध्येच सापडतो. जुन्या आवृत्तीत नव्हतं आणि नव्यात आहे असं दिसलं, तर दोन्हींच्या मधले बदल निम्मे-निम्मे करत दोषी बदल शोधता येतो. गिटमध्ये त्यासाठी बायसेक्ट आहे. हजार बदल असतील तर दहा चाचण्या. पण प्रत्येक चाचणी ‘चार दिवस थांबा’ असेल तर दहा चाचण्यांना चाळीस दिवस, आणि तेवढा धीर कुणालाच नसतो. तीच चाचणी वीस मिनिटांवर आणली की एका रविवारचं काम. म्हणून आधी चाचणी छोटी करायची आणि मगच कारणामागे धावायचं.

तात्पुरत्या उपायांबद्दल थोडं. ऑल्ट-एफटू दाबून आर लिहिलं की एक्सवरचा ग्नोम शेल नव्याने सुरू होतो. वेलँडवर ही सोय नाही. कंपोझिटिंग बंद करा, अमुक कर्नेल पॅरामीटर टाका, जुना ड्रायव्हर बसवा, हेही सल्ले मिळतात. मला त्यांचा राग नाही. राग याचा येतो की चार उपाय एकत्र करून ‘आता ठीक आहे’ लिहिलं जातं, कशाने ठीक झालं ते कुणालाच कळत नाही आणि पुढचा वाचक चारही गंडे बांधतो. इथल्यांना माहीत असलेलं एक उदाहरण देतो. तारापूर अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच 1969 मध्ये सुरू झाले तेव्हा त्यांची क्षमता प्रत्येकी 210 मेगावॉट होती. पुढे दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्या गळू लागल्यावर ती बाष्पजनित्रं व्यवस्थेतून वेगळी काढली आणि संच प्रत्येकी 160 मेगावॉटवर चालवले गेले. तोही तात्पुरत्या जातीचाच उपाय, आणि वर्षानुवर्षं चालला. पण गळती कुठल्या भागात आहे हे ठाऊक होतं, तो भाग वेगळा काढता आला, आणि त्याची किंमत, पन्नास मेगावॉट, कागदावर होती. तुमच्या उपायाची अशी किंमत लिहिता येते का? कंपोझिटिंग बंद केल्यावर वाढ क्रियेमागे किती केबीवरून किती केबीवर आली?

हे सगळं झाल्यावर बग रिपोर्ट लिहायचा. मी नवख्यांचे मसुदे वाचतो तेव्हा पहिल्या परिच्छेदात वैताग असतो, दुसऱ्यात संगणकाचं संपूर्ण वर्णन, आणि गळतीबद्दल एक वाक्य. उलट करा. मथळ्यात क्रिया आणि वाढ: ‘खिडकी उघडून मिटल्यावर दर वेळी अमुक केबी परत येत नाही’. ड्रायव्हरचं नाव मथळ्यात टाकू नका, ते तुमचं अनुमान आहे आणि खाली पुराव्यासह येऊ द्या. मग कर्नेल आणि मेसाच्या आवृत्त्या, सत्र एक्सचं की वेलँडचं, प्रोसेस मारल्यावर काय झालं, सॉफ्टवेअर रेंडरिंगवर काय झालं, कुठली एक्स्टेन्शन बंद करून पाहिली. स्क्रिप्ट जोडा. पाचशे फेऱ्यांचे आकडे साध्या मजकुराच्या फायलीत जोडा, स्क्रीनशॉट नको, त्यातले आकडे कुणाला उचलून घेता येत नाहीत. जे तपासलं नाही तेही लिहा, उदाहरणार्थ दुसरा मॉनिटर लावून पाहिलेला नाही. आणि पाठवण्याआधी तोच प्रयोग नव्याने तयार केलेल्या दुसऱ्या यूजर खात्यातून एकदा करून बघा. तिथे वाढ दिसली नाही, तर रिपोर्ट थांबवून आपल्या सेटिंग्जच्या फोल्डरात शिरायचं.